कलिंगडाची बाबागाडी

मित्रांनो, मी एक बाबागाडी आहे. जुनी आहे, हे वेगळं सांगायला नको; माझं डावं पुढचं चाक माझ्या आधी बोलतं. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा अडगळीतून बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझा तसा विचार नाही. एक तर मी अजून नोकरीत आहे. आणि दुसरं म्हणजे, ओलाव्याने मला गंज चढतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाने नळी वाकवून माझा दांडा केला, एकीने निळं छत शिवलं, आणि तिसऱ्या कुणीतरी माझी बैठक दांड्याकडे तोंड करून बसवली. बाळाला ढकलणाऱ्याचा चेहरा दिसत राहावा, असा त्यामागचा प्रेमळ हेतू. पण या प्रेमापायी माझी काय गत झाली, पाहा. मी जन्मभर पुढे चालले आणि जन्मभर मागचंच पाहिलं. पाठीशी छत, समोर ढकलणाऱ्याची हनुवटी. वळणापलीकडे काय आहे, ते वळण संपल्यावर कळायचं, तेही लांब जाताना.

मग मी चेहरे वाचायला शिकले. भुवया वर गेल्या की पुढे काहीतरी उंच आहे. नाक आकसलं की गटार, नाहीतर वटवाघळं. ओठ घट्ट मिटले की चढ. पण चेहऱ्यावरून नुसती बातमी कळते हो, प्रत्यक्ष दर्शन नाही. पुढे नक्की काय असतं, हे कुतूहल माझ्या चाकांत वंगणापेक्षा जास्त भरलेलं होतं.

मला घरी आणलं ते टिंगीसाठी. टिंगीचे बाबा फ्रीज दुरुस्त करतात. टिंगीची आई सकाळी दातांच्या दवाखान्यात नंबर लावून देते, त्यामुळे दुसऱ्याचं रडणं शांतपणे ऐकायची तिला सवय आहे. आमचा भाग उष्ण आणि दमट. दाराशी काठी टेकवून ठेवली तर चार दिवसांत तिला पालवी फुटावी. बाहेरून आलेले पाहुणे मोठ्या किनाऱ्यावर जायचे, फोटो काढायचे आणि भाजून परत जायचे. इथली माणसं मात्र सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन घरातच पंख्याखाली बसायची. कारण आत रानात, ओढ्याकाठी, खाडीपलीकडे काय काय आहे, आणि तिथे पोरं घेऊन जाता येतं का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणजे ब्लॉग लिहिणारे होते. एक जण दर ठिकाणी आपल्याकडे पाठ करून, हात पसरून उभा असायचा. त्याच्या वाचकांनी त्याचा चेहरा अजून पाहिलेला नाही. दुसरा प्रत्येक जागेला 'अत्यंत गुप्त' म्हणायचा आणि खाली नकाशा द्यायचा. एकदा यांच्यापैकीच कुणीतरी लिहिलं, 'पाच मिनिटांची सोपी वाट.' आम्ही गेलो. ती पाच मिनिटं एकट्या, सडपातळ, बिनापोराच्या माणसाची होती. अर्धी वाट मी टिंगीच्या बाबांच्या डोक्यावरून गेले. टिंगी आईच्या कडेवर. बाबांनी मला खाली ठेवलं आणि ते म्हणाले, "ही आपल्याला फिरवायला आणली होती ना?"

त्या संध्याकाळी टिंगीच्या आईने स्वतःचा ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं, 'चाकं जातात का?'

तिचा नियम एकच. मी स्वतःच्या चाकांवर जाऊन परत आल्याशिवाय त्या जागेबद्दल एक ओळही लिहायची नाही. लिहायचं तेही कसं? 'सावली भरपूर. चिखल घोट्यापर्यंत. मुंग्या चावऱ्या, पण आधी त्रास दिलात तरच. चाकं जातात.' आणि मित्रांनो, घरं बाहेर पडू लागली! बंद पडलेल्या वीटभट्टीमागचं कासवांचं तळं, खारफुटीतून जाणारी फळ्यांची वाट, एका शिंप्याच्या मागच्या अंगणातून गेलं की लागणारी शिंपल्यांची टेकडी. शिंप्याला आधी राग आला. मग त्याने दारात बाक टाकला, आणि मग बाकावर येणाऱ्यांच्या फाटलेल्या पिशव्या शिवायला घेतल्या.

टिंगी मोठी झाली आणि एके दिवशी माझ्यातून उडी मारून पळाली, ती परत बसलीच नाही. अशा वेळी बाबागाड्या विकल्या जातात. मी वाचले ती नियमामुळे. पण रिकामी गाडी दगडावरून नुसती उड्या मारते, खरी परीक्षा होत नाही. तेव्हा टिंगीच्या आईने माझ्यात कलिंगड ठेवलं. वजन बाळाएवढं, शिवाय ऊं नाही की चूं नाही. उन्हाने तापू नये म्हणून त्याला टिंगीचं जुनं टोपडं घातलं. वाटेत एखादी आजी हमखास वाकून बघायची.

"अगंबाई! हे कुणावर गेलंय?"

"माझ्या सासऱ्यांवर," टिंगीचे बाबा गंभीरपणे सांगायचे.

घरी पोचल्यावर ते कलिंगड कापलं जायचं. माझ्या बहुतेक उतारूंचा शेवट असा झाला, पण प्रवासात त्यांची एकही तक्रार नव्हती.

आणि मग एका आईचा निरोप आला. टिंगीची आई तो मोठ्याने वाचत होती, म्हणून मला कळला. 'माझी मुलगी दुसरीत आहे. आम्ही तिला मिरची म्हणतो. ती चाकांच्या खुर्चीवर फिरते. तिने अजून जवळून धबधबा पाहिला नाही. कुठेही गेलं की शेवटी पायऱ्या लागतात आणि तिचे बाबा तिला उचलतात. ते तिला अजिबात आवडत नाही. लोक बघतात, म्हणून ती डोळे मिटून घेते. डोळे मिटून एखादी जागा कशी बघणार? कुणी न उचलता तिला जाता येईल, असा धबधबा तुमच्याकडे आहे का?'

टिंगीच्या आईने बाजारातलं सगळ्यात मोठं कलिंगड आणलं. बांबूंच्या बेटातून एक सपाट वाट आत जाते, तिच्या शेवटी एक धबधबा आहे. आम्ही गेलो. वाटेत सिमेंटचे दोन खांब होते. मी त्यांच्यामधून अशी गेले, की दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. 'जणू गाडीचं माप घेऊनच खांब रोवलेत,' टिंगीच्या आईने कौतुकाने लिहिलं. आणि मिरचीच्या आईला कळवलं, 'या. चाकं जातात.'

पुढच्या रविवारी ते तिघं आले. आम्हीही गेलो होतो. टिंगीच्या आईला राहवलं नसतं. मिरची काटकुळी, दोन वेण्या, आणि डोळे असे की समोरच्याने आपोआप शर्ट नीट करावा. तिची खुर्ची लाल, रुबाबदार. मी तिला पाहिलं, आणि ती माझ्याहून रुंद निघाली.

खांबांपाशी खुर्ची अडली.

सरळ घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली. वळणापलीकडून पाण्याचा आवाज येत होता. शेजारी स्टुलावर राखणदार बसला होता.

"अहो, हे खांब कशाला?" मिरचीच्या बाबांनी विचारलं.

"स्कूटर आत जाऊ नये म्हणून."

"आणि जात नाहीत?" मिरचीने विचारलं.

राखणदाराने थोडा विचार केला. "जातात. मधून नीट निघतात."

मिरचीचे बाबा खाली बसले. "चल मिरचे, एवढंसंच राहिलंय. मी घेतो."

"नको."

"अगं, वळणाच्या पलीकडेच आहे."

"मग तुम्ही बघून या. मी इथून ऐकते."

टिंगीच्या आईचा तो चेहरा मला वाचता येईना. मग तीच म्हणाली, "माझं चुकलं, ताई. मी खुर्चीची रुंदी विचारलीच नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यात चाकं म्हणजे ही एकच गाडी."

तेवढ्यात टिंगी मला पुढे ढकलत म्हणाली, "हिच्यात बस ना."

"बाबागाडीत?" मिरची कडाडली. "मी दुसरीत आहे!"

"हिच्यात बाळ नाही बसत काही. कलिंगड बसतं."

"का?"

"तपासणीला."

मिरचीने टोपडं उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे काय तपासणार? याला डोळेच नाहीत."

"नाहीत," टिंगीला कबूल करावं लागलं.

"मग उतरवा त्याला. तपासणी मी करते."

मिरचीच्या बाबांनी मला खुर्चीला खेटून घट्ट धरलं. मिरची स्वतःच्या हातांवर जोर देऊन सरकली आणि माझ्यात आली. उचललं कुणीच नाही. मी कण्हले. डाव्या चाकाने काय म्हणायचं ते म्हटलं. बाबा ढकलणार, तोच ती ओरडली, "थांबा! मला बाबाच दिसतायत. बाबा रोजच दिसतात."

"ही गाडी अशीच असते गं," टिंगीची आई म्हणाली. "तोंड मागे."

"मग उलटी ढकला."

मित्रांनो, इतकी वर्षं मी इतक्या लोकांच्या हाती होते, त्यांतले काही चांगले शिकलेले होते. हे कुणालाही सुचलं नव्हतं.

दांडा पुढे, छत मागे. मिरचीचे बाबा छताच्या मागून, कंबरेत वाकून, एखाद्या खेकड्यासारखे ढकलत होते. आणि मला पुढचं दिसू लागलं. वाट माझ्याकडे येत होती! बांबू आधी लहान होते, मग मोठे झाले. एक निळं फुलपाखरू समोर बसलेलं मला बसलेलं असतानाच दिसलं. वळण आलं, आणि ते उघडलं.

फार मोठा नव्हता हो धबधबा. दोन मजली घराएवढा. काळ्या दगडावरून पाणी पांढरं होऊन उतरत होतं, खाली हिरवं होत होतं, आणि मध्ये तुषारांत उन्हाची एक पट्टी तरंगत होती. त्या दिवशी मला कुणाचाही चेहरा वाचावा लागला नाही.

मिरचीची आई मात्र धबधब्याकडे पाठ करून पोरीकडेच बघत उभी होती.

"उघडेच आहेत गं डोळे," मिरची म्हणाली. "तू मागे बघ. धबधबा तिकडे आहे."

मग तिने हात पुढे केला, तुषार झेलले आणि प्रश्नांची झड लावली. वरचं पाणी संपत कसं नाही? दगड झिजून कुठे जातात? मासे वरून पडले तर त्यांना लागतं का? टिंगीच्या आईने सगळे प्रश्न लिहून घेतले.

परत येताना, बरोबर त्या खांबांच्या मध्ये, माझ्या चाकांचा आस वाकला. टिंगीच्या बाबांनी तो पुढे फ्रीजच्या जुन्या नळीने जोडला. तेव्हापासून मला फार उकडत नाही, असं ते सांगतात. ब्लॉगवरची ओळ मिरचीच्या तोंडून बदलून आली, 'गाडी जाते. खुर्ची अडते. स्कूटर जाते.' ते वाचून वरच्या ऑफिसातून माणसं आली आणि त्यांनी खांबांना रंग दिला. मग घरोघरच्या लोकांनी लिहिलं, पुन्हा लिहिलं, तेव्हा एक खांब निघाला. दुसऱ्यावर राखणदार छत्री अडकवतो.

आता माझ्यावर एक आडवी काठी बांधलेली असते, अगदी मिरचीच्या खुर्चीएवढी रुंद. टिंगी म्हणते, मला मिशा फुटल्या. मिशा अडल्या की ती जागा ब्लॉगवर येत नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मोठे झालात आणि कुठे फाटक लावलंत, खांब रोवलात, पायरी बांधलीत, तर आधी माझ्या मिशा आठवा. आपण सहज आत गेलो, म्हणजे वाट सगळ्यांची झाली असं नाही.

काठीचं माप मिरचीच्या आईनेच कळवलं होतं. त्याखाली मिरचीने स्वतः एक ओळ घातली होती, ती टिंगीच्या आईने दोनदा वाचली आणि तेव्हापासून पाळली.

'गाडी यापुढेही उलटीच ढकला. कलिंगडाला डोळे नसले तरी गाडीला असतील.'