दोन वर्षं फिक्स

श्रीनाथने जगन्नाथकाकांना मोबाइल विकला आणि तिथेच माशी शिंकली. साल दोन हजार एक. दुबईच्या बर दुबई भागात एका मोबाइल कंपनीच्या दुकानात तो सेल्समन होता. काकांचा डब्यांचा धंदा. अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपांत पोळीभाजी पोचवायची आणि ड्रायव्हर कुठे अडकलाय ते कळायला फोन हवाच होता. श्रीनाथ पुण्याहून नोकरी शोधत आला, तेव्हा याच काकांनी त्याला चार महिने घरी ठेवून पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं.

"शिऱ्या, इंग्रजी काय मला वाचता येत नाही. भाव फिक्स ना?"

कागदावर 'फिक्स्ड' असं ठळक छापलेलं होतंच. "दोन वर्षं फिक्स, काका! महिन्याला नव्वद दिरहम, म्हणजे साडेअकराशे रुपये. माझा शब्द!"

काकांनी सही ठोकली.

अहो, आपल्याकडे फिक्स म्हणजे भाव ठरला, विषय संपला. पाचव्या महिन्यात बिल आलं एकशेतीसचं. श्रीनाथ तडक मॅनेजर बदरुद्दीनकडे गेला. त्याने बारीक अक्षरांतली ओळ दाखवली. फिक्स होती ती मुदत. दर कंपनी कधीही वाढवणार, आणि गिऱ्हाईकाने मध्येच सोडलं तर दंड.

"भाई, तूने पढा नहीं था?"

काय मेला न्याय! गिऱ्हाईक दावणीला आणि कंपनी मोकाट. पण खरं सांगायचं तर श्रीनाथनेही ती ओळ वाचली नव्हती. कमिशनची घाई होती त्याला.

तो काकांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. "काका, कंपनीने फसवलं. वरचे पैसे मी भरतो."

काका डबे भरत होते. "कंपनीला मी कुठे ओळखतो?" ते म्हणाले. "मी तुम्हाला ओळखत होतो."

तुम्हाला! काकांनी त्याला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढे दर आणखी एकदा वाढला. काका दर महिन्याला तारखेआधी यायचे, शेजारच्या काउंटरवर पैसे भरून जायचे. गणपतीला श्रीनाथने दोनदा बोलावलं, पण ते आले नाहीत.

मुदत संपली त्या दिवशी मात्र ते त्याच्याच काउंटरपाशी आले आणि फोन बंद करायचा फॉर्म मागितला.

"काका, का भरत बसलात? मला शिव्या घालायच्या, भांडायचं तरी!"

"इथल्या मराठी मंडळात मीच चारचौघांना सांगितलं होतं, पोरगा शब्दाचा पक्का आहे म्हणून," काका सही करत म्हणाले. "मी मध्येच सोडलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. काय सांगणार होतो? तुमची अब्रू दोन वर्षं मी सांभाळली. आता खलास."

हात जोडून ते निघून गेले. श्रीनाथ उभ्याउभ्या घळाघळा रडला, समोर रांगेत गिऱ्हाईकं असताना.