सोवळ्यातला ड्रायर

गेल्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास आमचा ड्रायर सोवळ्यात गेला.

अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पूजेला नेसायचा रेशमी कद धुतला, पिळला आणि कुणाला न विचारता ड्रायरमध्ये टाकून बटण दाबलं. देवरुखात पावसाळ्यात वलणीवरचा कपडा सहा-सहा दिवस वाळत नाही, आणि वाळला तरी कुबट वास मारतो. त्यांचा नाइलाज होता, हे मला कळतं. पण धुतलेल्या कदाला पूजा होईपर्यंत कुणी शिवायचं नसतं. ज्या यंत्राच्या पोटात तो फिरत होता, ते यंत्रही त्याच्याबरोबर सोवळ्यात गेलं. माझी सहा वर्षांची गौतमी त्या वेळी नुकतीच न्हाऊन ड्रायरच्या डोक्यावर पाढे म्हणत बसली होती. तीही गेली.

मला हे कळलं ते यंत्राला बोट लागल्यावर. झटका बसला नाही. मी आयटीआयची वायरमन आहे, झटका मला ओळखता येतो. फक्त काचेमागचा वाळत आलेला कद एकदम चिंब झाला, आणि घड्याळात उरलेली सात मिनिटं पुन्हा तीन तास झाली. वर गौतमीही केसांपासून पावलांपर्यंत निथळायला लागली.

"विटाळलंस," अप्पा म्हणाले. "आता पहिल्यापासून."

"मी सकाळीच अंघोळ केलीय."

"नंतर टेस्टर हातात घेतलास. तो टेस्टर काल शेजाऱ्यांच्या संडासाच्या मोटरीला लागला होता."

हे खोटं नव्हतं. लागला होता.

तीन तास झाले, घड्याळ शून्यावर आलं, पण यंत्र थांबलं नाही. यात चूक माझीच होती, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही. आदल्या आठवड्यात ड्रायर फिरायचा, पण तापायचा नाही. मी मागचा पत्रा काढून मीटर लावला. एलिमेंट ठीक होतं, फ्यूज उडाला होता. फ्यूज उगाच उडत नाही, म्हणून हवा बाहेर सोडणारा पाइप काढून पाहिला, तर त्यात कपड्यांची लव मांजराएवढी साचली होती. पाइप साफ केला. नवा फ्यूज रत्नागिरीहून यायला चार दिवस लागणार होते, तोवर घर कुबट वासात कोण ठेवणार? मी फ्यूजच्या जागी वीतभर तांब्याची तार जोडून डायरेक्ट केलं. आम्हा वायरमन लोकांचा हा फार लाडका शब्द. चालत नाही ना, डायरेक्ट करा. यंत्र जास्त तापलं तर त्याला थांबवणारं आता आत काहीच नव्हतं.

मी मेन स्विच पाडला. अख्ख्या आळीतली वीज गेली. ड्रायर चालूच राहिला.

कंपनीच्या नंबरावर फोन केला. मराठीसाठी दोन दाबलं.

"दार नीट लागलंय का?" बाईने विचारलं.

"लागलंय."

"जाळी साफ केलीत?"

"केली."

"यंत्र सोवळ्यात आहे का?"

"आहे."

"मग आमचा माणूस हात लावणार नाही. सोवळ्यातला टेक्निशियन गणपतीनंतर मिळेल. आणखी काही मदत हवीय?"

मी फोन ठेवला. माझा नवरा जहाजावर असतो, त्याला फोन लागत नाही. लागला असता तरी तो म्हणाला असता, अप्पांच्या कलाने घे.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत गौतमीची वेणी ताठ झाली. बुधवारी तिचा आवाज पानांसारखा सळसळायला लागला. ती वरून खाली उतरू शकत नव्हती, कारण खाली जमीन ओवळी होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहायची. ओवळ्या, कोरड्या माणसाला तिथवर जायला मनाई नव्हती, फक्त शिवायला होती.

"आई, पाणी दे ना."

मी पेला तिच्या ओठांजवळ धरला. माझं बोट तिच्या हनुवटीला निसटतं लागलं. ती चिंब झाली, घड्याळ तीन तासांवर गेलं. त्या फेरीनंतर मी पाहिलं, तर ती दोन बोटं लहान झाली होती. दर धुण्याला सुती कापड आटतं, तशी माझी मुलगी आटली होती. तिचा फ्रॉकही आटला होता, म्हणून वरवर काही कळत नव्हतं. ड्रायरमागच्या भिंतीवर, ती वर बसली की डोकं कुठवर येतं त्याची पेन्सिलची रेघ होती, तिच्यावरून कळलं. त्यानंतर मी हात पाठीमागे बांधून उभी राहू लागले.

"ओलेत्याने शिवलेलं चालतं," बुधवारी दुपारी अप्पा म्हणाले. त्यांचा कद आत अडकला होता, त्यामुळे तेही ओवळेच होते. पंचा गुंडाळून, काही न खाता, पाटावर बसून होते. पूजेशिवाय ते अन्नाला शिवत नाहीत. "न्हाऊन तशीच ओल्या लुगड्याने जा. शास्त्रात आहे."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"तू काल विचारलं नाहीस."

मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि निथळत निघाले. आमचा पॅसेज सात फरशांचा आहे. चौथ्या फरशीवर साडीचे काठ वाळले, सहावीवर पदर कडक झाला, आणि यंत्र समोर आलं तेव्हा अंगावर एक थेंब नव्हता. परत फिरले. दुसऱ्या खेपेला घागरभर पाणी ओतून घेतलं, तर पॅसेज अकरा फरशांचा झाला होता. तिसऱ्या खेपेला धावले. तेव्हा तो सतरा होता. परत येताना, कोरडी असताना, सातच.

"पळून काय होतंय," अप्पा म्हणाले. "पळतेस म्हणून वारा लागतो नि वाळतेस."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला त्यांचा इतका राग आला की बादली त्यांच्याच डोक्यावर उपडी करावीशी वाटली. पाणी वाया जाईल म्हणून केली नाही.

गुरुवारी टाकी संपली. नळातून आधी हवा आली, मग तीही आली नाही. भिजवलेली कणीक दगड झाली, लोणच्यातला खार नाहीसा झाला, देवघरातलं गंध सहाणेवर भेगाळलं. बाहेर पाऊस कोसळत होता. मी बादली घेऊन अंगणात गेले, भरली, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच बादलीच्या तळाशी पांढरा थर उरला.

शुक्रवारी सकाळी गौतमी पाढे म्हणायची थांबली. तिला आता जाडी नव्हती. ती ड्रायरवर आडवी पडली होती आणि छतातून येणारा उजेड तिच्यातून दिसत होता. आता आणखी एक फेरी झाली तर तिचं काय उरेल, हा हिशेब मी करणार नव्हते.

"ती काठी द्या," मी अप्पांना म्हणाले. उंच वलणीवर सोवळं टाकायची, काढायची त्यांची वेताची काठी कोपऱ्यात उभी होती. "काठीला विटाळ नसतो ना?"

"काठीला नसतो. पण ती बाईच्या हातात कधी गेलेली नाही."

"आज जाईल."

"अगो वृंदा, माझ्या वडिलांनी..."

मी काठी घेतली. ते पाटावरून उठले नाहीत. उठले असते तर मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मागचा पत्रा मी बसवलाच नव्हता. काम झाल्यावर पत्रा नीट लावायची सवय आम्हा लोकांना नाही, त्या दिवशी त्या आळसाने हात दिला. मी भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून, काठीचं टोक आत घातलं. एलिमेंट लाल होऊन वितळायच्या बेतात आलं होतं. वेत कोरडा होता. त्यातून वीजही येत नाही आणि विटाळही जात नाही. तार टोकावर अडकवली आणि ओढली. एक ठिणगी उडाली. मग ड्रम दोनदा फिरून थांबला आणि यंत्राने शिट्टी वाजवली.

घरात इतकी शांतता झाली की मला पाऊस ऐकू आला.

अप्पा आले, काठी माझ्याकडून घेतली, यंत्राला न शिवता काठीनेच दार उघडून कद बाहेर काढला. तो अगदी छान वाळला होता. अंगणात पावसात न्हाऊन ते आत गेले आणि तो नेसून आले. आता घरात गौतमीला शिवू शकेल असं सोवळ्यातलं माणूस एकच होतं.

"अप्पा, आधी तिला खाली घ्या. तुमच्या हाताने घ्या. मग ती जेवेल, ओवळी होईल, सगळं ठीक होईल."

"आधी पूजा."

"अप्पा, ती मरतेय हो."

"चार दिवस देव पारोसे आहेत. माणसाचं काय, माणूस थांबतं."

त्यांनी देवघराचं दार लावून घेतलं. आतून कडी घातली. मंत्र सुरू झाले. त्यांची पूजा अडीच तासांची असते.

ड्रायरच्या पलीकडची खिडकी उघडी होती. मधे यंत्र होतं, त्याला न शिवता ती लावता येत नव्हती. वाऱ्याची झुळूक आली आणि गौतमीचा एक हात, वाळत घातलेल्या पापडाची कड उचलली जावी तसा, उचलला गेला. मग खांदा उचलला गेला. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पण बोलायला तिच्यात ओल नव्हती.

दुसरी झुळूक आली. ती पत्र्यावरून चार बोटं वर तरंगली आणि खिडकीकडे वळली.

मी तिला दोन्ही हातांनी धरलं.

ती लगेच भिजली. केसांतून, बोटांतून पाणी गळायला लागलं, तिला वजन आलं, ऊब आली. ती हमसून रडली, आणि तिच्या गालांवर खरंखुरं पाणी आलं. मी तिला कडेवर घेतलं. ती तान्ह्या मुलीएवढी होती. तिचं ओलं अंग माझ्या साडीला लागलं आणि माझी साडीही छातीपासून घोट्यापर्यंत चिंब झाली.

देवघरातले मंत्र थांबले.

"कोण शिवलं गो?" अप्पांनी आतून विचारलं.

मी तिला आणखी घट्ट धरलं. तार माझ्या पायाशी तुटून पडली होती, तरी ड्रायरमध्ये दिवा लागला. दार पूर्ण उघडलं. ड्रम रिकामाच फिरू लागला, हळू, एखाद्याला आत चढता यावं इतपत. मी दिवाणखान्याकडे वळले आणि चालू लागले. मोजल्या, तर समोर एकतीस फरशा होत्या. मी पावलं उचलत होते, आणि एकेक फरशी माझ्या टाचेखालून मागे, ड्रायरच्या बाजूला, सरकत होती.