वर्षातून वीस मिनिटं चालणारा भिंगोबा

मी कॉलेजच्या ग्रंथालयातला एक जुना भिंगोबा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज मध्येच का चढला, असं नंतर कुणी विचारायला नको.

कागदोपत्री माझं नाव 'अक्षरवर्धक यंत्र' असं आहे. वर एक पडदा, त्याच्या पोटाशी एक कॅमेरा, दोन दिवे आणि खाली चारही बाजूंना सरकणारा पाट, एवढाच माझा संसार. पाटावर पुस्तक ठेवलं की मुंगीएवढं अक्षर पडद्यावर तळहाताएवढं होतं. एक बटण असं आहे की ते दाबल्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं येतात, कारण काही डोळ्यांना पांढऱ्या कागदाची चकाकी सोसत नाही. ज्यांची नजर अधू आहे त्यांना स्वतःचं पुस्तक स्वतः वाचता यावं, म्हणून मला बनवलं. दुसऱ्या कशासाठीही नाही.

ज्या कारखान्यात मला जोडलं, तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसत. औषधाच्या बाटलीवरचं लेबल त्या प्रत्येक यंत्राखाली धरत आणि त्यातली शेवटची ओळ नीट वाचता आली तरच शिक्का मारत. माझं अक्षर जरा धूसर आलं. मला परत पाठवलं. दुसऱ्यांदाही धूसरच आलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा कुठे त्यांचं समाधान झालं. "कुणाला फसवू नकोस रे बाबा," असं पुटपुटत त्यांनी शिक्का मारला, आणि मी खोक्यात बसून या कॉलेजात आलो.

तेव्हाच्या ग्रंथपाल बाईंनीच मला 'भिंगोबा' हे नाव दिलं. त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर मांडलं, आणि कुलूपबिलूप काही लावलं नाही. दर सत्राच्या पहिल्या दिवशी त्या एकेका वर्गात जात आणि सांगत, "ज्यांना फळ्यावरचं दिसत नाही, त्यांनी आत्ता हात वर करायचा नाही. मधल्या सुट्टीत गुपचूप माझ्याकडे यायचं." आणि मुलं येत, मित्रांनो! काही लाजत येत, काही मैत्रिणीला ढाल करून येत. नजर चांगली असलेली टवाळ मुलंसुद्धा येत आणि माझ्याखाली स्वतःचा अंगठा ठेवून खिदळत. बाई त्यांनाही हाकलत नसत. माझ्या पाटाची एक कड झिजली, बटणांवरच्या खुणा पुसल्या गेल्या. एका मुलाने तीन वर्षं सगळी पुस्तकं माझ्यावरच वाचली. शेवटच्या दिवशी तो आला, शर्टाच्या बाहीने माझा पडदा पुसला आणि निघून गेला. इतकं कौतुक मला आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही.

मग बाई निवृत्त झाल्या आणि नवे ग्रंथपाल आले. मुलांनी आठवड्याभरातच त्यांचं नाव 'कुलूपसाहेब' ठेवलं. माणूस वाईट नव्हता. आधीच्या नोकरीत त्यांच्या ताब्यातलं एक यंत्र कुणीतरी बिघडवलं होतं आणि वरून त्यांच्याकडे लेखी खुलासा मागवला गेला होता. त्या एका खुलाशाची धास्ती त्यांनी आयुष्यभरासाठी उराशी धरली. त्यांनी माझ्या मापाची जाड कापडाची खोळ शिवून घेतली, मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खणात टाकली. वर्गावर्गात जाऊन सांगणं बंद झालं. त्याऐवजी सूचना लिहिली गेली आणि सूचनाफलकावर लागली. आपण कर्तव्य केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. याचाच मला जास्त राग येतो.

वर्षातून एकदा तपासणी समिती यायची. त्या दिवशी ग्रंथालय झाडणाऱ्या मावशी माझी खोळ काढत, कुलूपसाहेब स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसत आणि मला चालू करत. समितीतले एखादे गृहस्थ खिशातलं वर्तमानपत्र माझ्याखाली ठेवत आणि "वा, वा! उत्तम सोय!" म्हणत. शेरेवहीत 'अत्यंत स्तुत्य' असा शेरा पडे. वीस मिनिटांत पुन्हा खोळ, पुन्हा कुलूप. आणि समितीला सगळं शांत, नीटनेटकं दिसावं म्हणून त्या दिवशी विद्यार्थ्यांना ग्रंथालयाबाहेर काढत! ज्यांची सोय म्हणून माझं कौतुक चाललं होतं ती मुलं बाहेरच्या पायऱ्यांवर बसलेली असत. खोळीच्या आत माझा नुसता संताप संताप होई, पण दिवा लावल्याशिवाय मला बोलता येत नाही.

अशी सहा वर्षं गेली. त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत माझ्या कपाटाशेजारच्या बाकावर एक मुलगी येऊन बसू लागली. तिचं नाक पुस्तकाला टेकलेलं असे, म्हणून वर्गातली मुलं तिला 'हुंगणी' म्हणत. पुस्तक वाचत नाही, हुंगते, असा त्यांचा विनोद. ती हसण्यावारी नेई आणि मग बराच वेळ पान उलटत नसे.

धडे तिची मोठी बहीण तिला वाचून दाखवायची, ते तिला एकदा ऐकून पाठ होत. अडत होतं ते सांख्यिकीत. तिथे पानभर आकड्यांचे तक्ते असतात, आणि तक्ता कुणी किती वाचून दाखवणार? फोनवर फोटो काढून मोठा केला की आकडा दिसे, पण तो कुठल्या ओळीतला, कुठल्या रकान्यातला, हे हरवून जाई. दशांश चिन्हाचा ठिपका तर तिला दिसतच नसे. सगळी रीत बरोबर आणि उत्तर दहापट चुकीचं. पेपर तपासणाऱ्या सरांनी लाल शाईने लिहिलं, 'निष्काळजीपणा'. ती सांख्यिकीत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा नापास झाली तर तिला त्या अभ्यासक्रमातून काढणार होते.

आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, मित्रांनो. मध्ये एक काच, एक खोळ आणि एक कुलूप.

एका दुपारी ती एक छापील कागद घेऊन आली. तो प्रवेश रद्द करण्याचा अर्ज होता. काढून टाकण्याआधी आपणच जावं, असं तिने ठरवलं होतं. सगळी पुस्तकं परत केल्याची ग्रंथपालांची सही तेवढी हवी होती. कुलूपसाहेब चहाला गेले होते, म्हणून ती बाकावर थांबली. कपाट पुसत असलेल्या मावशींनी विचारलं, "काय गं, आज पुस्तक नाही?"

"सोडतेय कॉलेज, मावशी. आकडेच दिसत नाहीत तर पास कशी होणार?"

"अगं, मग हे घे ना वाचायला!" मावशींनी फडक्यानेच माझ्याकडे बोट दाखवलं. "एवढाली मोठी अक्षरं दिसतात त्यात. साहेबलोक येतात तेव्हा मीच तर खोळ काढते."

ती उठली. काचेला नाक लावून तिने माझी खोळ पाहिली. तेवढ्यात कुलूपसाहेब आले.

"सर, यात काय आहे?"

त्यांनी सांगितलं. अगदी अभिमानाने सांगितलं.

"मी दोन वर्षं इथेच बसतेय, सर! तुमच्यासमोर! पुस्तकाला नाक लावून!" ती इतक्या मोठ्याने बोलली की मागच्या टेबलावरच्या मुलांनी माना वर केल्या.

"ओरडायचं नाही. सूचना लावलेली आहे. वाचायला हवी होती."

"कुठे लावलीये?"

त्यांनी दारातल्या फलकाकडे नेऊन तिला दाखवली. फलक काचेआड, सूचना सगळ्यात वरच्या ओळीत, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. ती चवड्यांवर उभी राहिली. तिचं नाक काचेच्या खालच्या चौकटीपर्यंतच पोचलं.

"सर, हे मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "वाचता आलं असतं तर मला तुमचं यंत्र लागलंच नसतं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. या वेळी ते हसू तिच्यावर नव्हतं. कुलूपसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खणातून एक अर्ज काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "हा भरून दे. मंजूर झाला की बघू." अर्जावर एका पानात चौदा नियम बसवलेले होते. ते कसे बसवले असतील, ते तुम्हीच ओळखा.

"हा मी वाचू कशी?"

"भरून घे कुणाकडून तरी."

"यंत्र इथे आहे, अर्ज इथे आहे, मी इथे आहे. कपाट उघडा, मी वाचून भरते."

"अर्ज मंजूर झाल्याशिवाय कपाट उघडता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने पेन काढलं आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज टेबलावर सरळ केला. "यात कारण लिहायला जागा आहे. यंत्र होतं, कुलपात होतं, दिलं नाही, असं लिहिते. खाली तुमची सही द्या."

कुलूपसाहेबांनी त्या कागदाकडे पाहिलं. हा कागद वर गेला की वरून काय येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी खण उघडला. किल्ली काढून कपाटाचं कुलूप उघडलं. खोळ मात्र मावशींनीच ओढून काढली, आणि अशी ओढली की तिची शिवण उसवली.

माझा दिवा लागला. पडदा आधी नुसता पांढरा झाला, आणि मला त्या तपासनीस बाई आठवून धडकी भरली. मग अक्षरं आली, स्वच्छ. तिने पाट हळूच डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. पहिला नियम तिने मोठ्याने वाचला. सबंध ग्रंथालय ऐकत होतं. यंत्राला विद्यार्थ्याने हात लावू नये, पाट ग्रंथपालच सरकवतील. एका वेळी दहा मिनिटं. अर्ज पंधरा दिवस आधी. तिने चौदाच्या चौदा नियम वाचले, एकदाही न अडखळता. सगळ्यात खाली छापलेलं होतं, 'वरील सर्व नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत.'

"वाचले," ती म्हणाली. मग माझ्या पडद्यावर बघत बघत तिने 'मान्य आहेत' या शब्दांवर आडवी रेघ मारली, वर 'मान्य नाहीत' असं लिहिलं आणि सही केली. ती अक्षरं माझ्या पडद्यावर तळहाताएवढी उमटली.

त्या दिवसापासून मी परत टेबलावर आहे. ती तिसऱ्यांदा सांख्यिकीला बसली, या वेळी प्रश्नपत्रिका माझ्याच पाटावर ठेवून, आणि पास झाली. काठावर झाली, पण दशांश चिन्हं सगळी जागच्या जागी होती. तिच्याबरोबरची मुलं मात्र केव्हाच पुढच्या वर्गात गेली होती. कुलूपसाहेब अजूनही दिवसातून दोनदा माझी वायर तपासून जातात.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं आपल्या गोष्टीच्या शेवटी 'आमची काळजी घ्या' असं सांगतात. मी नाही सांगणार. माझी फार काळजी घेतली गेली. तुम्ही उद्या कॉलेजात जाल, तेव्हा ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात जाऊन विचारा, आमच्यासाठी काय काय आणून ठेवलंय? आणि 'काही नाही' असं उत्तर आलं तर बंद कपाट उघडून दाखवा म्हणा. लाजू नका. माझा पाट झिजला तर नवा मिळतो, दिवा जळला तर नवा बसवता येतो. त्या मुलीची गेलेली दोन वर्षं कुठल्या दुकानात मिळतात, ते कुलूपसाहेबांनी मला एकदा सांगावं.