वाल्मिकच्या वावरातलं जस्त

कोसाडच्या वसाहतीमागं वाल्मिकनं एका शेठचा रिकामा तुकडा कसायला घेतला होता. लूम खात्यातून, म्हणजे यंत्रमागावरून, सुटला की तो थेट वांग्यांत शिरायचा. खताच्या बाबतीत त्याचा हात फार सैल. दरवर्षी पोल्ट्रीवरून टेम्पो भरून कोंबडीखत यायचं आणि मग काही दिवस अख्खी वसाहत खिडक्या लावून बसायची. पण भरताची वांगी घरोघरी फुकट जात, त्यामुळे कोणी तोंड उघडत नसे. तसंही त्या दिवसांत तोंड उघडणं अवघडच होतं.

यंदा मात्र वांग्यांची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. वाल्मिकनं अजून खत टाकलं. पानं अजून पिवळी झाली.

त्याची भाची गायत्री शेतीचं शिकत होती. ती पिशवीभर माती तपासायला घेऊन गेली आणि पुढच्या खेपेला ओट्यावर बसून म्हणाली, "मामा, तुमच्या मातीत जस्त फार झालंय."

"मी कवा टाकलं जस्त?"

"तुम्ही नाही, कोंबड्यांनी. त्यांच्या दाण्यात जस्त घालतात. अंगी थोडंच लागतं, बाकीचं विष्ठेतून बाहेर. तेच तुम्ही वर्षानुवर्षं आणून पसरलं."

"पावसात वाहून जाईल ना पण?"

"नाही ना, मामा. ते कुजत नाही, उडत नाही. पीक चिमूटभर घेतं. बाकीचं मातीला चिकटून वरच्या वीतभर थरातच बसतं. मग झाडाला लोह नीट मिळत नाही, म्हणून पानं पिवळी."

वाल्मिकला हे जरा लागलंच. इतक्या प्रेमानं घातलेल्या खतातून कोंबड्यांनी त्याला धातू खपवला होता.

शेजारच्या शांताबाई तेव्हा दोरीवर लुगडं वाळत घालत होत्या. त्यांच्या कानावर एवढंच पडलं की वाल्मिकच्या वावरात जस्त आहे, आणि भरपूर आहे. दुसऱ्या दिवशी वाल्मिक वावरात गेला तर वांग्यांच्या सरीतून बादलीची कडी वर आलेली.

"शांतामावशी, हाई काय शे?"

"बादली शे," शांताबाई शांतपणे म्हणाल्या. "तिनं जस्त उडी गयं. जरा चढू दे. तुनं काय जास?" बादलीवरचा जस्ताचा मुलामा उडाला होता, तो मातीतून परत चढेल असा त्यांचा हिशेब.

जस्त असं चढत नसतं, हे वाल्मिकनं परोपरीनं सांगितलं. शांताबाईंना तो कंजूष वाटला. त्याची बायको सुंदरा म्हणाली, "एका बादलीनं काय होतं? राहू द्या."

रविवारपर्यंत वसाहतीतल्या सुकलालनं कूलरचा डबा पुरला आणि दगा नावाच्या शेजाऱ्यानं लग्नातली पत्र्याची पेटी. खोल गेलं की जस्त जास्त, असं दगानंच परस्पर जाहीर केलं. झालं, जो तो गुडघाभर खणू लागला. वाल्मिकनं बांधावर पाटी लावली, 'येथे जस्त चढत नाही.' ती वाचून लोकांची खात्रीच पटली की हा सगळं स्वतःसाठी राखून ठेवतोय. पार बमरोलीहून एक जण खिडक्यांच्या जाळ्या टेम्पोत घालून आला आणि रांग कुठून आहे म्हणून विचारू लागला.

काही आठवड्यांनी लोकांनी सामान उकरून काढलं. गंज दुप्पट झाला होता. दगाच्या पेटीचा तळ तर खड्ड्यातच राहिला. सगळे वाल्मिकच्या दारात जमले.

"तुझ्या मातीनं माझा कूलर खाल्ला," सुकलाल म्हणाला.

"मी पाटी लावली होती."

"पाटीवर कोण विश्वास ठेवतो?"

सुंदरानं सगळ्यांना चहा पाजला, तेव्हा कुठं ते शांत झाले. वाल्मिक मात्र वावरात जाऊन मटकन बसला. सरी नाही, वाफा नाही, वांगी आडवी. सगळी माती उलटीपालटी.

गायत्री आली. सगळं ऐकून ती बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं ढेकूळ हातात घेतलं आणि खड्ड्यात वाकून पाहिलं.

"मामा, यांनी वरची माती खाली केलीय आणि खालची वर. जस्त कुठं गेलं नाही, पण जास्त मातीत पसरलं, म्हणून पातळ झालं. मी तुम्हाला खोल नांगरायलाच सांगणार होते."

"म्हणजे हे बरं झालं?"

"फार बरं झालं. पण आता कोंबडीखत बंद."

वाल्मिकनं नवी रोपं लावली. पानं हिरवीगार आली. खताशिवाय मात्र त्याला चैन पडेना, म्हणून तो शेळ्या राखणाऱ्या भरवाडाच्या वाड्यावर लेंड्या आणायला गेला. पोत्याला हात लावण्याआधी त्यानं सावधपणे विचारलं, "भाई, तुमच्या शेळ्या जस्त खातात का?"

भरवाडानं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "शेळी सगळं खाते, भाई," तो म्हणाला. "पण पत्रा अजून खाल्लेला नाही."

तरी वाल्मिकनं एकच पोतं घेतलं.