पाच मोजेपर्यंत

मासळी गल्लीतल्या चर्चची सभासदांची वही लू बाओझूने सकाळीच चुलीत घातली. शंभर वर्षांची नावं होती तिच्यात. पहिल्या पानावर तिचे पणजोबा, शेवटच्या पानावर तिची लेक हुइलान. जपान्यांनी चर्चमध्ये घोडे बांधले, तेव्हा हीच वही तिने तांदळाच्या रांजणात दडवून वाचवली होती. पण आता एकोणीसशे सहासष्ट साल होतं. दंडाला लाल पट्टी बांधलेले क्रांतीचे स्वयंसेवक घरोघर ख्रिस्ती हुडकत होते, आणि हुइलानने कारखान्यात लिहून दिलं होतं की आपला देवाशी काही संबंध नाही. खोटं उघडं पडलं तर थेट डोंगरातली श्रमछावणी. वहीची राख झाली तेव्हा कुठे बाओझूचा जीव भांड्यात पडला.

दुपारी फांग आला. हा गल्ली समितीचा म्होरक्या लहानपणी बाओझूच्याच रविवारच्या शाळेत फुकटची पेज ओरपायला यायचा. त्याने सगळ्या गल्लीला चर्चच्या अंगणात बसवलं.

"काकू, वही जाळलीत म्हणे?"

"उंदरांनी खाल्ली."

"भारीच शिकलेले उंदीर तुमचे! असू दे. उपाशीपोटी चौकशी कशाला? आधी जेवून घ्या सगळे."

रताळ्याच्या पेजेचे वाडगे मांडले गेले. मेल्याला एवढा पुळका कुठून आला, असं बाओझूच्या मनात येतंय तोच फांग ओरडला, "करा सुरुवात!" आणि लोकांच्या हातांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. एक. दोन.

बाओझूला त्याचा डाव कळला. पाच मोजेपर्यंत जेवायच्या काड्यांना हात लावायचा नाही, तेवढ्यात मनात देवाचे आभार मानायचे, असं तिनेच गल्लीतल्या पोरांना तीस वर्षं दटावून शिकवलं होतं. फांगलाही. तिने घाईघाईने काड्या उचलल्या, कढत पेज तोंडात कोंबली. समोर हुइलान मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसलेली.

"खा ना गं!" बाओझू किंचाळली.

हुइलान दचकली.

"पाच," फांग म्हणाला. "शिकवण पक्की आहे हं, काकू."

हात आवरून बसलेल्या अकरा जणांना छावणीत नेलं. बाओझूला मात्र गल्ली झाडायला ठेवलं. चर्चमध्ये छत्र्यांचा कारखाना आला. तिसऱ्या हिवाळ्यात छावणीतून हुइलानचा कोट तेवढा परत आला.

ऐंशी साली चर्च पुन्हा उघडलं. पहिल्या उपासनेनंतर अंगणात जेवणं होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारी बाओझू एकटीच भराभर जेवत होती.

"आजी, प्रार्थना राहिली की!" नवा पाळक हसून म्हणाला.

बाओझूने वर पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या रिकाम्या जागेपुढे एक वाडगा ठेवत ती पुटपुटली, "खा ना गं. मोजू नकोस."