बुजगावण्याचं तेज

इंदुरीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या झाकलेल्या, समोर पांढरा पडदा, त्याच्या पायथ्याशी झेंडूचा ढीग आणि शेजारी उंच आसनावर तेजोनाथ महाराज. आमच्या कोंडाजीभाऊंनी पडद्यासमोर उभं राहून हात जोडले, तोच पडद्यावर निळ्या ठिपक्यांचा एक माणूस उमटला. त्यानंही हात जोडले. भाऊंनी घाबरून पाय उचलला. त्यानंही उचलला!

"हा तुमचा तेजोदेह!" महाराज गरजले. "एनर्जी बॉडी! विज्ञानाला जे पुढच्या शतकात कळणार, ते आज इंदुरीत!"

निळ्या गुडघ्यावर लाल डाग पेटला. भाऊंचा गुडघा खरंच दुखायचा. झाला जयजयकार.

मला लहानपणचा तंबूतला सिनेमा आठवला. जत्रेत किल्ल्याजवळ तंबू लागायचा. पडद्यावर देव आला की बायका पदर पसरून नमस्कार करायच्या आणि आम्ही पोरं मध्यंतरात मागे जाऊन मशीन बघून यायचो. मशीन चालवणारा सीतारामकाका कौतुकानं फिल्मचा तुकडा हातात द्यायचा. आम्हाला देवही आवडायचा आणि मशीनही. इथे मात्र पडद्यामागे कुणाला जाऊच देत नव्हते.

मी नुसतं हसून सोडून दिलं असतं. पण माझी मैत्रीण कस्तुराबाई या नादात इन्सुलिन बंद करून बसली. तिच्या पोटावर लाल डाग दिसला होता आणि महाराजांनी सांगितलं होतं, "सुईनं तेज गळतं, माई. सुई बंद, अंगारा चालू."

"कस्तुरे, तोंड बघ कसं सुकलंय. भिंत धरून उठतेस," मी म्हटलं.

"तेज भरतंय अंगात. तुला न्हाई कळायचं. तू लय शिकलीस."

"सातवी शिकले गं!"

"तेच जास्त झालं."

तिची नात प्रेरणा तळेगावात फिजिओथेरपिस्ट आहे. मी फोन केला तशी धावत आली. पण आजी सुईला हात लावू देईना, दवाखान्याचं नाव काढू देईना. "म्हाराज सांगतील तवाच," एवढंच म्हणत ती संध्याकाळच्या दर्शनाला निघाली. मागोमाग आम्ही दोघी. पडद्यावरचा निळा माणूस पाहिला मात्र, प्रेरणा तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

"मावशी, या माणसाला मी रोज भेटते."

"कुठे गं?"

"सांगते. आधी तुमच्या भातखाचरातलं बुजगावणं द्या. आणि एक घोंगडी."

आमचं खाचर कार्यालयाच्या मागेच. माझ्या पुतण्यानं, निलेशनं, बुजगावणं उपटून आणलं आणि घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. दारात सेवेकऱ्यानं नेहमीचा मायाळू प्रश्न विचारला, "काय होतंय आजोबांना?"

"साखर आहे," प्रेरणा म्हणाली. "बोलत नाहीत."

सेवेकरी लगबगीनं पडद्यामागे गेला. निलेशनं 'आजोबांना' समोर उभं केलं, प्रेरणानं घोंगडी ओढली. मडक्याचं डोकं, वर टोपी, बाहीतून लोंबणारा पेंढा! महाराजांनी तोंड उघडायच्या आत निलेशनं मागून बुजगावण्याला दोन हेलकावे दिले. पडद्यावर निळा माणूस उमटला, डुलला आणि त्याच्या पोटावर लाल डाग पेटला.

"आरं, ह्यो तर मावशीच्या खाचरातला!" कोंडाजीभाऊ ओरडले. "ह्याला बी साखर झाली व्हय?"

सगळं कार्यालय हसत सुटलं.

"जडातही चैतन्य असतं!" महाराज घाम पुसत म्हणाले.

"मधुमेहही असतो का?" असं म्हणून प्रेरणानं झेंडूच्या ढिगात हात घातला आणि एक लांबट काळा कॅमेरा बाहेर काढला. "हा टीव्हीवरच्या खेळांचा कॅमेरा. मुलं याच्यासमोर हवेत बॅट फिरवतात. हा डोळ्यांना न दिसणारे प्रकाशाचे ठिपके टाकतो, त्यावरून अंतर मोजतो आणि डोकं, हात, पाय कुठे आहेत ते संगणक ठरवतो. माणसासारखा आकार दिसला की पुरे! मी याच्यासमोर पेशंटकडून व्यायाम करून घेते." तिनं कॅमेऱ्यावर तळहात धरला. तेजोदेह गायब.

"आन् लाल डाग?" कस्तुराबाईनं विचारलं. ती एकटीच हसत नव्हती.

निलेशनं पडदा बाजूला सारला. मागे लॅपटॉपवर एक पोरगा बोट ठेवून थिजला होता. तिथून त्याला बुजगावणं दिसतच नव्हतं, सेवेकऱ्यानं कानात सांगितलेला आजार तेवढा माहीत होता.

"आजी, तू दारात काय सांगितलं होतंस?" प्रेरणानं हळूच विचारलं.

"साखर हाये म्हून." मग ती महाराजांकडे वळून म्हणाली, "मेल्या, माझंच मला ऐकवून माझी सुई बंद केलीस व्हय रं?"

त्याच पावली आम्ही तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. साखर भलतीच चढली होती. डॉक्टरांनी ठेवून घेतलं आणि बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, "आज आणलंत म्हणून वाचल्या."

डोळ्यांना नवल वाटावं असं जगात पुष्कळ आहे. ते जरूर बघा, टाळ्या वाजवा. पण कुणी औषध बंद करा म्हणालं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीही सोडू नका, सुईही. आणि चमत्कार दाखवणारा जर मागची बाजू बघू देत नसेल, तर तिथून उठा आणि घरी या.