भोंग्याने भरलेल्या पायऱ्या

मी एक जुना भोंगा आहे. रत्नागिरीत दीपकच्या रिक्षाच्या टपावर सुतळीने बांधलेला, कडेला पोचा आलेला. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. दुपारी जेवून जरा डोळा लागला की ज्याला तुम्ही शिव्या घालता, तो मीच.

माझा जन्म मुंबईत, एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची सपाट चकती फिरवून, दाबून दाबून मला हा कर्ण्याचा आकार दिला. मागे एक युनिट बसवलं. आवाज तिथून येतो, मी तो फक्त मोठा करतो. मला स्वतःला काही म्हणायचं आहे का, हे कारखान्यात कुणी विचारलं नाही आणि पुढेही कधी कुणी विचारलं नाही. म्हणूनच बहुधा मला आयुष्यभर काम मिळत गेलं.

दीपकने मला आणलं तेव्हा माझी चैन होती. उद्या पाणी येणार नाही हे मी मांडवीपासून कुवारबावपर्यंत सांगायचो आणि बायका हंडे भरायला धावायच्या. डोळ्यांची शिबिरं, साड्यांचे सेल, नाटकांचे प्रयोग, सगळं माझ्यामुळे गर्दीत पार पडलं. निवडणुकीत सकाळी एका उमेदवाराला आणि दुपारी त्याच्या विरोधकाला मी सारख्याच जिव्हाळ्याने निवडून आणलं. दोघांनीही माझं कौतुक केलं.

मग लोकांच्या हातात मोबाइल आले. मी दीपकच्या पडवीत आडवा पडून राहू लागलो. खाऱ्या हवेने अंगावर पांढरे चट्टे उठले. एका वर्षी कुंभारमाशीने माझ्या घशात मातीचं घर बांधलं. दीपकने ते काडीने खरवडून काढलं आणि म्हणाला, "बरा झाला. कोणतरी रमला तुझ्यात."

अशा दिवसांत मला बास्केटबॉलचं काम मिळालं.

गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, एक कॉलेज आहे. त्याच्या मागच्या अंगाला बास्केटबॉलचं मैदान आणि एका बाजूला प्रेक्षकांसाठी जांभ्या दगडाच्या पायऱ्या. मुलींचा संघ चांगला होता. दुसऱ्यांच्या गावी जाऊन जिंकून यायचा. घरच्या मैदानावर सामना असला की मात्र पायऱ्यांवर दोन कुत्री आणि विनोद सरांची डब्याची पिशवी. विनोद सर म्हणजे मुलींचे क्रीडाशिक्षक. त्या दोन कुत्र्यांपैकी एक मध्यंतरात उठून जायचं.

संस्थेचे अध्यक्ष राजाभाऊ. आंब्याच्या बागा असलेले, सज्जन गृहस्थ. खेळाशी त्यांचं काही वैर नव्हतं. फक्त मोकळी जागा दिसली की त्यांच्या डोळ्यांपुढे आपोआप पत्र्याची शेड उभी राहायची. मास्तरांच्या स्कूटर उन्हात तापतात, म्हणून बास्केटबॉलच्या मैदानावर पार्किंगची शेड बांधायची असं त्यांनी ठरवलं.

संघाची कप्तान मनस्वी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. मनस्वी आतल्या गावातली. वडील मुंबईला नोकरीला, आई गावी भातशेती करते. पहाटेच्या एसटीने येऊन ती पहिल्या तासाआधी रिंगमध्ये बॉल टाकत असायची. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, पण तिच्या मागून येणाऱ्या मुली होत्या.

"भाऊ, मैदान गेलं तर संघच जाईल. दुसरीकडे कुठे खेळणार आम्ही?"

राजाभाऊ विचारात पडले. ते बाहेर येऊन विनोद सरांना जे म्हणाले ते मी कॉलेजच्या दारात उभ्या रिक्षावरून ऐकलं. "विनोद, कोणी बघत नसेल तर खेळून उपयोग काय? चिपळूणवाले येतायत ना खेळायला? त्या दिवशी ह्या पायऱ्या भरून दाखवा. भरल्या तर शेड नाही. माझा शब्द."

त्यांनी शब्द दिला आणि जाहिरातीचा मजकूरही स्वतःच लिहून दिला. दीपक तो माईकवर वाचत गावभर फिरला. मजकुरात आधी संस्थेचं पूर्ण नाव होतं, मग संस्थापकांचं, मग अध्यक्षांचं, उपाध्यक्षांचं आणि सगळ्या विश्वस्तांचं. प्रत्येकामागे माननीय. बास्केटबॉल हा शब्द अगदी शेवटी. रिक्षा चालती असते, मित्रांनो. मारुती मंदिरापाशी उभ्या असलेल्यांना राजाभाऊंचं नाव ऐकू आलं, आणि खेळाचं नाव येईपर्यंत आम्ही पुढच्या वळणावर. तिथल्या लोकांना "बास्केटबॉलचा सामना" एवढंच ऐकू आलं. कुणाचा, कधी, कुठे, ते मागे राहिलं. अर्ध्या गावाचा समज झाला की राजाभाऊंचा सत्कार आहे. त्यामुळे ते मुद्दाम आले नसते.

दुसऱ्या दिवशी मनस्वी रिक्षात चढली. "दीपककाका, माईक जरा माझ्याकडे द्या."

"बघ हां बाय. भाऊंचा कागद आहे."

"कागद तुम्ही धरा. मी बोलते."

आणि ती बोलली. "मी मनस्वी. आम्ही मुली सड्यावरच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळतो. बरं खेळतो. शनिवारी चार वाजता चिपळूणच्या मुली येतायत. बघायला या. कोणी आलं नाही तर आमच्या मैदानावर स्कूटर लावणार आहेत."

एवढंच. इतक्या वर्षांत माझ्यातून गेलेलं हे सगळ्यात लहान भाषण. मासळी बाजाराच्या तोंडाशी यमुनाबाई मासे विकायला बसायच्या. त्यांनी हातातली कोयती खाली ठेवली. "अगो, त्या जाळीत चेंडू टाकतात तोच खेळ काय? माझी नात शाळेत खेळायची. येतंय मी. खुर्ची ठेव."

"खुर्ची नाही, आजी. दगडाच्या पायऱ्या आहेत."

"मग गोणपाट आणतंय."

मनस्वी हसली. विनोद सरांनी जाऊन राजाभाऊंना सांगितलं की लोक विचारपूस करायला लागलेत. राजाभाऊंनी विचारलं, किती? सर म्हणाले, एक आजी नक्की येणार आहेत. राजाभाऊंना सरांची दया आली आणि त्यांनी सगळं स्वतःच्या हातात घेतलं.

"मध्यंतरात शक्ती-तुरा ठेवू," ते म्हणाले.

आमच्याकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण लांबच्यांसाठी सांगतो. शक्ती-तुरा म्हणजे दोन शाहिरांचा सामना. एक शक्तीवाला, एक तुरेवाला. दोघांची मंडळं पायांत चाळ बांधून ढोलकीवर गोल धरून नाचतात. एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब न देता जो उठला, तो हरला. त्याच्या वाडीतल्या लोकांना पुढच्या शिमग्यापर्यंत मान खाली घालून चालावं लागतं. एकदा बसलं की भल्या पहाटेपर्यंत चालतं. आणि राजाभाऊंनी तो बसवला बास्केटबॉलच्या मध्यंतरात, पंधरा मिनिटांत.

सावर्ड्याकडचे महिपत शाहीर बोलणं करायला आले तेव्हा विनोद सरांनी हात जोडून विचारलं, "शाहीर, पंधरा मिनिटांत आवरेल ना?"

"सर, एकेकच गाणं म्हणू," महिपत शाहीर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. एकेकच म्हणणार होते. पण सुरुवातीच्या गणाला कुणी गाणं म्हणून मोजत नाही, गवळणीलाही मोजत नाही. गाणं त्यानंतर सुरू होतं, हे रत्नागिरीतलं शेंबडं पोरही जाणतं. राजाभाऊही जाणत होते. पण गर्दीच्या विचारात माणसाला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

मग मी फिरलो. "महिपत शाहीर विरुद्ध लांज्याचे सर्वेश शाहीर!" या वेळी मजकुरात माननीयांच्या जागी शाहीर आधी आणि बास्केटबॉल पुन्हा शेवटी, पुढच्या वळणावर. नाचणे, राजिवडा, मिरकरवाडा, सगळीकडे लोक रिक्षा थांबवून विचारत होते, "कवा? खंय?" मला माझे जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं. मी घसा फोडून ओरडलो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

शनिवारी मला मैदानाच्या खांबावर चढवलं. पायऱ्या भरल्या. पायऱ्या भरून लोक कुंपणावर बसले, टेम्पोच्या टपावर बसले. यमुनाबाई पहिल्या पायरीवर गोणपाट टाकून बसल्या होत्या. राजाभाऊ सोफ्यावर. दर दोन मिनिटांनी ते मागे वळून गर्दी बघत. मैदानाकडे बघायला त्यांना सवड मिळाली नाही.

पण मुली खेळल्या, मित्रांनो! मनस्वी अशी धावत होती की चिपळूणच्या मुली तिच्या मागे नुसत्या वळत राहिल्या. ज्यांना खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं ते शाहिरांची वाट बघता बघता टाळ्या वाजवायला लागले. यमुनाबाई ओरडत होत्या, "घाल गो! वरनं घाल!" मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आमच्या मुली चांगल्या पुढे होत्या. मनस्वीने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि भरलेल्या पायऱ्यांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही निवडून आलेल्या उमेदवाराच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही.

मग ढोलकी आली.

गण झाला. गवळण झाली. लोक पायऱ्या उतरून थेट मैदानात, सतरंज्या टाकून, फ्री थ्रोच्या रेषेवर मांडी घालून बसले. मुली रिंगच्या खांबाला टेकून वाट बघत होत्या. घाम वाळला, अंग थंड पडलं. त्यातच महिपत शाहिरांनी सवाल टाकला आणि गर्दीतून वाहवा उठली. सर्वेश शाहीर पोरसवदा. ते कोपऱ्यात जाऊन आपल्या मंडळाशी कुजबुजत बसले.

विनोद सर शिट्टी हातात धरून महिपत शाहिरांकडे गेले. "शाहीर, आता उठा. सामना राहिलाय."

"सर, सवाल टाकलाय. जवाब आल्याबिगर कसा उठू? उठलो तर ह्या पोराचा अपमान, आणि नाय उठलो तर तुमचा. तुमी समजूतदार आहात."

सर राजाभाऊंकडे धावले. "भाऊ, पंच घड्याळ बघतायत. तुम्ही सांगा ना."

"विनोद, मागे वळून बघ," राजाभाऊ गहिवरून म्हणाले. "पब्लिक बघ!"

शेवटी मनस्वी स्वतः माईकपाशी आली. "आमचा अर्धा सामना बाकी आहे. मैदान जरा मोकळं करा. झाल्यावर परत बसा हवं तर."

"ए, गप गो!" सतरंजीवरून कोणी ओरडलं. "जवाब येऊंदे!"

यमुनाबाई गोणपाटावरून उठल्या. "मेल्यांनो, पोरींच्या घरी येऊन पोरींनाच गप करतास?"

"आजी, खाली बसा. पुढचं दिसत नाय."

सर्वेश शाहिरांना जवाब सुचला. त्यांनी तो इतका सुरेख गायला की टोप्या उडाल्या, आणि त्याच्या पोटातच त्यांनी उलट सवाल टाकला. पंचांनी शिट्टी वाजवली. चाळांच्या आवाजात ती त्यांची त्यांनाच ऐकू आली असेल तर असेल. चिपळूणच्या मुलींना परतीची गाडी होती. घरच्या संघाने मैदान मोकळं करून दिलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे सामना पाहुण्यांना दिला गेला. पुढे असलेल्या मुली हरल्या. पंचांनी निकाल सांगायला माईक मागितला, पण माईक शाहिरांकडे होता. चिपळूणच्या कप्तान मुलीने येऊन मनस्वीचा हात हातात घेतला आणि मान खाली घालून गाडीकडे गेली. तिला लाज वाटत असावी. तिथे ज्यांना वाटायला हवी होती, ते दाद देत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "बास्केटबॉलला विक्रमी गर्दी." फोटो शाहिरांचा.

राजाभाऊंनी शब्द पाळला. शेड रद्द केली. लोकांना काय आवडतं हे संस्थेला आता डोळ्यांनी दिसलं होतं, म्हणून तिथे कायमचा रंगमंच बांधायचं ठरलं. रिंगचे खांब बघणाऱ्यांच्या आड येत होते, ते कापून काढायचं ठरलं. ठराव एकमताने झाला. मुलींच्या संघाचा त्यात आभारपूर्वक उल्लेख होता.

खांब कापायचे त्या सकाळी दीपक मला खाली उतरवायला आला होता. मनस्वी शिडीवर चढून रिंगची जाळी सोडत होती.

"कशाला गो बाय ती?"

"आईला देते. परसात पडवळ चढवायला होईल. दोरी चांगली आहे, काका."

दीपक पुढे झाला. त्याने शिडी धरली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, माझी काळजी घ्या, मला अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला हवं तर भंगारात घाला, माझा घसा भंगारवाल्यालाही आवडेल. मी एवढंच मागतो. तुमच्या गावात, तुमच्या शाळेमागे कुणी मनापासून खेळत असेल, तर ज्या दिवशी तिथे काही फुकट मिळणार नाही, कुणाचा सत्कार नाही, नाच नाही, त्या दिवशी जा. दगडावर बसा. आणि सामना संपल्याशिवाय उठू नका.

मी अजून फिरतो. गेल्या आठवड्यात रंगमंचाच्या उद्घाटनाचं काम मिळालं. मी मांडवीपासून कुवारबावपर्यंत गेलो, सगळ्या माननीयांची नावं घेतली. मुलींचा संघ बंद झाला, हे मात्र गावात अजून कुणाला माहीत नाही. ते सांगत फिरायला रिक्षा कुणी ठरवली नाही.